आतल्या खोलीतले सतरा दिवस

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. बाकी सगळे तिला घडीबाई म्हणत. पलंगभर चादर, दुसरं टोक धरायला कुणी नसताना, एकटीनं चार झटक्यांत घडी करून ठेवायची तिला हातोटी होती. घडीही अशी, की वॉर्डातल्या सिस्टर ती मोडताना हळहळत. चौदा वर्षं ती त्या वाफेत उभी होती. गाठोडं न सोडता, नुसतं उचलून ती सांगायची, हे बाळंतिणींचं आहे की ऑपरेशनचं. हातांना कायम सोड्याचा वास आणि बोलणं मोठ्यानं, कारण यंत्रांच्या घरघरीत हळू बोलून भागत नाही.

हे मोठ्यानं बोलणंच सासूबाईंना बावीस वर्षं खटकत आलं होतं.

सासूबाई म्हणजे चर्चचा निम्मा कारभार. तिथली एक किल्ली गेली तीस वर्षं त्यांच्याकडे असे. दर गुरुवारी जाऊन त्या बाकं पुसत, मेणाचे ओघळ खरवडत आणि पाळकसाहेबांच्या खुर्चीवरची गादीसुद्धा झटकून ठेवत. चर्चला येणाऱ्या मंडळीत त्यांचा दरारा होता. घरी संध्याकाळी सात म्हणजे सात, कुटुंबाची प्रार्थना. घडीबाईची पाळी साडेसहाला सुटायची. बस मिळाली तर ठीक, नाही तर चपला हातात घेऊन मांजराच्या पावलांनी येऊन ती मागे बसायची. डोळे मिटलेल्या सासूबाईंना ते बरोबर कळायचं. "आणि प्रभू," त्या म्हणत, "ज्यांना तुझ्यासाठी वेळ होत नाही, त्यांच्यावरही दया कर." घडीबाईचा नवरा हसू लपवायला खोकायचा. तो वायरमन होता, भडका उडायच्या आत फ्यूज कुठे काढायचा हे त्याला घरातही कळत होतं. घडीबाईला मात्र हसू यायचं नाही. सासूबाईंनी मुलासाठी आधी ऑर्गन वाजवणाऱ्या मास्तरांची मुलगी मनात धरली होती, हे तिला लग्नानंतर आठव्या दिवशी कळलं होतं. बावीस वर्षं झाली, मुलगी कॉलेजला परगावी गेली, तरी ते मनातून पुसलं गेलं नव्हतं.

मग साथ आली. चर्चला कुलूप लागलं, शाळा-दुकानं बंद झाली, रस्ते ओस पडले. धुलाईखान्यात मात्र काम दुप्पट. गाठोडी आता लाल पिशव्यांत बांधून यायची आणि ती कुठल्या वॉर्डाची हे ओळखण्यात काही गंमत उरली नव्हती, सगळी एकाच वॉर्डाची. घडीबाई घरी आली की कशालाही हात न लावता थेट न्हाणीघरात जाई, कपडे गरम पाण्यात टाकी, डोक्यावरून अंघोळ करी. रोज केस धुऊन धुऊन तिचं डोकं दुखायचं. जेवायलासुद्धा ती बाजूला बसे. "आई, तुम्ही दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही," असं तिनं आणि नवऱ्यानं सासूबाईंना बजावलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "मी काय लहान आहे?" त्यांचं हे उत्तर हो आहे की नाही, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

असे तीन महिने निभावले. एका मंगळवारी सासूबाईंना खोकला सुरू झाला. शुक्रवारी घडीबाईला ताप भरला. शनिवारी तपासणीचा निकाल आला. सासू-सून दोघींना लागण, नवरा बरा.

हॉस्पिटलात खाट नव्हती. ज्या हॉस्पिटलच्या चादरी चौदा वर्षं धुतल्या, तिथंच नव्हती. आरोग्य खात्याची माणसं आली, दारावर कागद चिकटवला, गोळ्या दिल्या, बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं चिमुकलं यंत्र दिलं आणि सांगितलं, दोघींनी आतल्या खोलीत राहायचं, बाहेर यायचं नाही, घरातल्या तिसऱ्यानं आत जायचं नाही आणि घराबाहेरही पडायचं नाही. त्यांची पाठ वळते न वळते तोच जिन्यातून तळमजल्यावरच्या काकूंचा आवाज आला. काकूंना कुजबुजायची सवय नव्हती. "मी म्हणत नव्हते? हॉस्पिटलातली घाण उपसते ती! तिनंच आणलं. आता म्हातारीचं काही बरंवाईट झालं तर?"

दार लोटलेलं होतं. आतल्या खोलीत दोघींनी शब्द न शब्द ऐकला. घडीबाईच्या काळजात लक्ककन झालं, कारण तीसुद्धा शनिवारपासून हेच म्हणत होती. कुठे चुकलं? कुठल्या दिवशी साबण कमी पडला? ती पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "आई, माझ्यामुळे झालं हे. मला माफ करा."

सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. "पड जरा तू पण," एवढंच त्या म्हणाल्या.

ती खोली म्हणजे दोन पलंग, एक कपाट, आत छोटं न्हाणीघर आणि एक खिडकी. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत आणि पाण्याचा पाइप दिसे. नवरा दारावर दोनदा टकटक करून स्टुलावर ताट ठेवी आणि स्वयंपाकघरात पळे. आयुष्यात त्यानं चहाशिवाय काही केलं नव्हतं. पहिल्या दिवशी सूपमध्ये मीठच नव्हतं, दुसऱ्या दिवशी दोन्ही दिवसांचं होतं. "कसं झालंय?" तो दाराबाहेरून विचारायचा. दोघींच्या जिभेची चव गेलेली. "छान झालंय रे," सासूबाई म्हणत, आणि ते खोटंही नव्हतं.

सात वाजता मंडळीची प्रार्थना आता फोनवर भरे. पाळकसाहेब एकेकाला बोलायला सांगत. सासूबाईंची पाळी आली की त्या हातानंच नको म्हणत. घसा दुखतोय म्हणून सांग, अशी खूण करत. घडीबाईला नवल वाटलं. तापात फणफणतानाही ज्यांची प्रार्थना कधी पाऊण तासाखाली आली नव्हती, त्या मूग गिळून बसल्या होत्या. आजार फारच आत गेला की काय, या विचारानं तिची झोप उडाली. ती मनात एकच ओळ म्हणत राही, देवा, माझ्या चुकीची शिक्षा यांना देऊ नकोस.

पाचव्या दिवशी दुपारी ती सासूबाईंची चादर बदलत होती. आजाऱ्याला न उठवता खालची चादर काढायची एक रीत असते. माणसाला एका कुशीवर वळवायचं, जुनी चादर पाठीशी गुंडाळायची, नवी तिच्या मागोमाग सरकवायची, मग दुसऱ्या कुशीवर. घडीबाईनं त्यांना आपल्याकडे वळवलं, तेव्हा सासूबाईंनी तिचं मनगट धरलं.

"तू नाही आणलंस," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मी गेले होते. चर्चमध्ये. तीन गुरुवार."

घडीबाई तशीच वाकलेली राहिली. सासूबाई थांबत थांबत बोलत होत्या. ती कामावर आणि मुलगा दुरुस्तीला गेला की त्या निघायच्या. बाकांवर धूळ बसलेली पाहवेना. तिसऱ्या गुरुवारी चर्चमागच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. तिथं राखणदार मामा राहायचे, एकटा जीव, मागेपुढे कुणी नाही. तापानं नुसते तळमळत होते. सासूबाईंनी त्यांच्या स्टोव्हवर चहा केला, त्यांना टेकून बसवलं, कप हातात धरवेना म्हणून घोट घोट पाजला. तास-दीड तास बसल्या. शनिवारी मामांना गाडीतून नेलं आणि रविवारी ते गेल्याचा फोन आला. मंगळवारी यांना खोकला.

"आणि जिन्यात त्या बाई तुला बोलल्या," सासूबाई म्हणाल्या, "तेव्हा मला सांगता आलं असतं. तू माफी मागितलीस, तेव्हाही. माझी जीभच उचलली नाही गं. मला वाटलं, लोक काय म्हणतील, ही एवढी देवाधर्माची आणि..." पुढे खोकला आला.

घडीबाईनं चादर पुरती घातली. कोपरे खोचले. मग ती उशीचा अभ्रा हातात घेऊन उभी राहिली आणि तिचा धुलाईखान्यातला आवाज लागला. "तीन महिने! तीन महिने मी उकळतं पाणी डोक्यावर घेतलं, आई! जेवणाच्या टेबलाला हात लावला नाही! लेक फोनवर रडते, तिला मी म्हटलं, तुझ्या आजीला मी आजारी पाडलं! आणि तुम्ही ऐकत होतात!"

दाराबाहेर नवऱ्याच्या हातातून काही तरी पडल्याचा आवाज झाला.

"मला माफ—"

"आज नाही," घडीबाई म्हणाली. "आज ते मागूच नका."

दोन दिवस ती एक शब्द बोलली नाही. काम मात्र तसूभरही चुकलं नाही. वेळेवर गोळ्या, कोमट पाणी, बोटाला यंत्र, वहीत आकडा. सासूबाईंना न्हाणीघरात न्यायचं, आणायचं. सगळं काही मुकाट्यानं. नवऱ्यानं एकदा दाराला तोंड लावून विचारलं, "तुमचं दोघींचं ठीक आहे ना?" तर आतून दोघींनी एकाच वेळी "हो" म्हटलं, आणि तो आणखीच घाबरला.

त्या दोन दिवसांत तिनं प्रार्थना केली ती अशी: "देवा, मला यांची दया येत नाहीये. मी खोटं कशाला बोलू? तुझ्याकडे असेल तर दे, आणि नुसती आजच्या दिवसापुरती दे, कारण मला यांना औषध द्यायचंय." एवढी कोरडी प्रार्थना तिनं जन्मात केली नव्हती. ती ऐकली गेली असेल असंही तिला वाटलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी यंत्रावर एकोणनव्वद आलं. नाश्त्यानंतर सत्त्याऐंशी. सासूबाईंचे ओठ निळसर दिसायला लागले. नवऱ्यानं मदतकेंद्राला फोन लावला. तिथली डॉक्टरबाई म्हणाली, खाट मिळेपर्यंत संध्याकाळ होईल, त्यांना पोटावर पालथं झोपवा, खांद्याखाली नि कमरेखाली उशा घाला आणि कुठून तरी सिलिंडर मिळवा. नवऱ्याला तर उंबरा ओलांडायची बंदी. त्यानं पाळकसाहेबांना फोन केला. पाळकसाहेब जेवत्या ताटावरून उठले. ओळखीच्या एका कारखान्याच्या दवाखान्यातून त्यांनी नळी-मास्कसकट सिलिंडर मिळवला, स्कूटरच्या पुढ्यात उभा करून पायांनी दाबून धरत इमारतीशी आणला. आणि तिथं हातपाय गाळून उभे राहिले. साठीचा माणूस, माणसाएवढं लोखंड आणि तीन मजले.

खालून त्यांची हाक ऐकू आली, पाठोपाठ तळमजल्यावरचं दार उघडल्याचा आवाज. "काय झालं हो? म्हातारीला?" काकूंनी विचारलं. मग जिन्यात ठण ठण असा आवाज वर वर येऊ लागला. तोंडाला दोन मास्क, त्यावर ओढणी, हातांत भांडी घासायचे रबरी मोजे अशा अवतारात काकू सिलिंडरचं खालचं टोक धरून येत होत्या आणि वर पाळकसाहेबांना दटावत होत्या, "नीट धरा! प्रार्थना नंतर करा, आधी धरा!" दारात सिलिंडर टेकवून त्या चार पायऱ्या मागे सरल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अगं, काही लागलं तर हाक मार! मी खालीच आहे!"

नवऱ्यानं तो गडगडत आतल्या दारापर्यंत ढकलला. पुढचं घडीबाईनं केलं. सिलिंडरची चावी तिनं कधी हाताळली नव्हती, पण वाफेच्या यंत्राची चावी चौदा वर्षं हाताळली होती. नवरा दाराआडून सांगत होता, फोनवरून डॉक्टरबाई सांगत होती, आणि तिनं बेतानं फिरवत तो सुरू केला. नळीतून सूं असा बारीक आवाज आला. तिनं मास्क सासूबाईंच्या तोंडावर बसवला.

पण पालथं झोपायला सासूबाईंचा जीव घाबरा होई. त्या पुन्हा पुन्हा वळू पाहत. तेव्हा घडीबाई खाली फरशीवर बसली, अशी की तिचा चेहरा पलंगावरच्या त्यांच्या चेहऱ्यासमोर यावा. "माझ्याकडे बघा," ती म्हणाली. "मी मोजते. तुम्ही नुसता श्वास घ्या. एक. सोडा. दोन. सोडा." चादरी मोजतात तशी ती दहा-दहाच्या गठ्ठ्यांनी मोजू लागली. दहा झाले की एक बोट मुडपायचं. सासूबाईंचा गाल उशीवर चेपला होता, नाक एका बाजूला गेलं होतं, पांढरे केस घामानं कपाळाला चिकटले होते. त्यांचा कुठलाही दरारा त्या चेहऱ्यावर उरला नव्हता. बावीस वर्षांत दोघींनी एकमेकींच्या डोळ्यांत एवढा वेळ कधी पाहिलं नव्हतं.

किती गठ्ठे झाले कोण जाणे. एका श्वासानंतर सासूबाईंनी मास्क बोटानं जरासा सरकवला. घडीबाईला वाटलं, आता शेवटचं काही तरी सांगतील. त्या म्हणाल्या, "तू टेकून बस ना गं. तुलाही ताप आहे."

घडीबाईनं मास्क जागेवर बसवला. आणि मग तिनं मनात आपला राग शोधला. खरोखर शोधला, बसमधून उतरता उतरता पर्स चाचपावी तसा. कालपर्यंत तर होता. आज सकाळी उशा रचतानाही होता. आता नव्हता. तिनं तो टाकला नव्हता, गिळला नव्हता, त्याच्याशी झुंजलीही नव्हती. तो कुणी तरी तिच्या नकळत काढून घेतला होता आणि त्या जागी या घामेजलेल्या म्हातारीबद्दल नुसती माया होती. ही आपली कमाई नाही, एवढं तिला पक्कं कळलं.

"आई," ती म्हणाली, "ते त्या दिवशीचं. माफ केलं मी. केव्हा केलं मला माहीत नाही, पण झालंय."

सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी तिरकं वाहून उशीत गेलं.

"रडू नका, श्वास चुकतो. एक. सोडा."

दुपारी तीनला यंत्रावर ब्याण्णव आलं. संध्याकाळी खाट मिळाल्याचा फोन आला, तोवर चौऱ्याण्णव. डॉक्टरबाई म्हणाली, खाट दुसऱ्या कुणाला देऊ, तुम्ही घरीच बऱ्या आहात. नवऱ्यानं हे दाराबाहेरून ओरडून सांगितलं आणि मग तो ओक्साबोक्शी रडला. आतून त्या दोघी त्याची समजूत घालत राहिल्या.

चार दिवसांनी सात वाजता सासूबाई उठून बसल्या, केस सारखे केले आणि म्हणाल्या, "आज मी बोलणार." घडीबाईनं फोन समोर धरला. सासूबाईंनी डोळे मिटले आणि सगळं सांगितलं, चर्च, गुरुवार, मामा, जिना, गप्प बसणं, काही राखून ठेवलं नाही. बोलून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. फोनमध्ये पाळकसाहेबांचा आवाज आला, "बाई, तुमचा आवाज बंद आहे. काहीच ऐकू आलं नाही. ते खालचं माइकचं चित्र दाबा."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. घडीबाईला आता हसावं की रडावं कळेना. "राहू द्या, आई," ती म्हणाली. "देवानं ऐकलं."

"देवाला आधीच माहीत होतं," सासूबाई म्हणाल्या. "माणसांना सांगायचंय. दाब ते."

दुसऱ्यांदा त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. "आजार मी घरात आणला. नको सांगितलं असताना बाहेर गेले. आळ सुनेवर आला आणि मी गप्प राहिले. तिनं मला माफ केलंय, तुम्हीही करा." कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. घडीबाईला मग राहवेना. मंडळीत ती कधी तोंड उघडत नसे.

"मला एक बोलायचंय," ती मोठ्यानं म्हणाली. "आजार कुणी आणला ते कुणालाच ठाऊक नाही. मीही रोज हॉस्पिटलात जातच होते. पण त्या गुरुवारी आई घरी बसल्या असत्या, तर मामांना जाण्याआधी चहाचा घोटसुद्धा कुणी दिला नसता. तेवढं आपण सगळ्यांनी लक्षात ठेवायचं." बोलून ती दचकली आणि तिनं घाईघाईनं फोनच बंद केला. "घसा बरा आहे की तुझा," सासूबाई म्हणाल्या.

सतराव्या दिवशी दोघी खोलीबाहेर आल्या. सासूबाईंनी पहिलं काम केलं ते जिन्याच्या कठड्याला धरून काकूंना हाक मारायचं. खरा प्रकार त्यांनी तिथूनच सांगितला. काकू म्हणाल्या, "अहो, मी कधी काय म्हटलं हिला?" आणि संध्याकाळी अर्धा डझन अंडी पाठवून दिली.

घडीबाई पुन्हा कामावर जाऊ लागली. पूर्वीसारखी चादर आता चार झटक्यांत होत नसे, पाचवा लागे, आणि मध्ये दम खावा लागे. सासूबाईंचा तर फुफ्फुसांचा जोरच गेला. स्वभाव होता तिथंच होता. नळ नीट बंद झाला नाही की घर डोक्यावर घेत. पण प्रार्थना पंधरा मिनिटांवर आली होती आणि ती आता सातला नव्हे, तर सून हातपाय धुऊन बसली की सुरू होई.

बंधनं उठल्यावर एका रविवारी सासूबाई म्हणाल्या, मला मामांना भेटून यायचंय. कब्रस्तान टेकडीवर होतं. नवऱ्यानं पायथ्यापर्यंत रिक्षा केली मामांचा आकडा कोणता ते विचारून दिला आणि पाणी आणायला तो मागे राहिला. त्या वर्षी पुरलेल्यांची रांग अगदी टोकाला होती. दगड अजून बसवले नव्हते, नुसत्या पत्र्याच्या पट्ट्यांवर रंगानं आकडे. मामांची पट्टी वाऱ्यानं वाकली होती. घडीबाईनं ती सरळ केली, भोवतीची माती पायानं दाबली. सासूबाईंनी पदरानं आकडा पुसला, एकदा, पुन्हा एकदा, बाक पुसावा तसा.

"साखर फार घ्यायचे चहात," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी डब्यात एवढीशीच होती. सगळी घातली मी."

उतरताना दोघींना धाप लागली. वाटेतल्या बुटक्या भिंतीवर त्या टेकल्या. नवरा पाण्याची बाटली घेऊन वर येत होता. त्यानं दुरून पाहिलं, दोघी जणी भिंतीवर शेजारी बसल्या होत्या आणि कशावरून तरी वाद घालत होत्या. जवळ आल्यावर कळलं, परत रिक्षानं जायचं की चालत, यावर चाललं होतं, आणि चालत जाऊ म्हणणाऱ्या सासूबाई होत्या.